अल्फोन्सो दहावा : राजाचा कायदा आणि राजाचे घर

कास्तीलचा राजा अल्फोन्सो दहावा (१२२१-१२८४) याच्या नावापुढे इतिहासाने ‘साबियो’ हे विशेषण कायमचे जोडले आहे. ‘शहाणा’ हा त्याचा रूढ अनुवाद दिशाभूल करणारा आहे. ‘विद्वान’ हाच त्याचा खरा अर्थ होय. हा अर्थभेद केवळ कोशकाराच्या जिज्ञासेचा नाही. जेझुइट इतिहासकार मारियाना याने अल्फोन्सोवर आकाशाचे निरीक्षण करता करता भूमी गमावल्याचा ठपका ठेवला, आणि तेव्हापासून या राजाचे अपयश त्याच्या विद्याव्यासंगाच्या माथी मारण्याची प्रथा पडली. परंतु त्याच्या कौटुंबिक इतिहासाचा क्रम नीट लावून पाहिला असता निराळेच चित्र दिसते.

अल्फोन्सोचा जन्म २३ नोव्हेंबर १२२१ रोजी तोलेदो येथे झाला. त्याचा पिता फेर्नान्दो तिसरा याने १२४८ मध्ये सेव्हिल जिंकून दक्षिण स्पेनमधील मुस्लिम सत्तेचा कणा मोडला. माता बेआत्रिस ही जर्मनीच्या होहेनश्टाउफेन राजकुलातील फिलिपची कन्या. पित्याकडून विस्तीर्ण राज्य आणि मातेकडून सम्राटपदावरचा हक्क, असा दुहेरी वारसा १२५२ मध्ये गादीवर येणाऱ्या या राजाला लाभला. १२५७ मध्ये काही जर्मन निर्वाचकांनी त्याची निवड केली. इतरांनी कॉर्नवॉलचा रिचर्ड याला निवडले होते. पुढे जवळजवळ अठरा वर्षे हा हक्क सिद्ध करण्यात अपार द्रव्य खर्ची पडले. सम्राटपदाचा मुकुट मात्र त्याच्या मस्तकी कधीच चढला नाही.

त्याची राणी व्हियोलान्ते ही आरागॉनच्या हाइमे पहिल्याची कन्या. तिच्यापासून झालेल्या अपत्यांत फेर्नान्दो (जन्म १२५५) हा ज्येष्ठ पुत्र व सान्चो (जन्म १२५८) हा दुसरा. ‘दे ला सेर्दा’ या उपनावाने ओळखल्या जाणाऱ्या फेर्नान्दोचा विवाह फ्रान्सच्या नवव्या लुईची कन्या ब्लान्श हिच्याशी झाला. विवाहापूर्वी मायोर गिय्येन दे गुस्मान हिच्यापासून झालेली बेआत्रिस नावाची कन्या राजाने पोर्तुगालच्या अफोन्सो तिसऱ्याला दिली. सावत्र बहीण लेओनोर १२५४ मध्ये इंग्लंडचा भावी राजा एडवर्ड याची पत्नी झाली. सोयरिकींचे हे जाळे युरोपभर पसरलेले होते. परंतु घरातील ऐक्य मात्र प्रारंभापासूनच दुबळे होते. बंधू एन्रीके देशोधडीस लागला, दुसरा बंधू फेलिपे १२७२ मध्ये सरदारांच्या बंडाचा अग्रणी झाला, आणि १२७७ मध्ये तिसरा बंधू फाद्रीके याला राजाज्ञेने देहान्त शासन झाले.

राजाच्या विद्याकार्याचा येथे संक्षेपाने निर्देश करणे आवश्यक आहे. राजपुत्र असतानाच, १२५१ मध्ये, ‘कलीला व दिम्ना’ या अरबी ग्रंथाचा कास्तीलियन अनुवाद त्याच्या आश्रयाने सिद्ध झाला. आपले पंचतंत्र पहलवी व अरबी या मार्गाने स्पेनच्या देशभाषेत अवतरले, ते असे. इतिहास, ज्योतिष, रत्नपरीक्षा आणि बुद्धिबळ या विषयांवरील ग्रंथ त्याने यहुदी, मुस्लिम व ख्रिस्ती पंडितांच्या साहाय्याने करविले आणि लॅटिनऐवजी कास्तीलियनला शास्त्रभाषेची प्रतिष्ठा दिली. त्याच देशभाषेत ‘सिएते पार्तिदास’ हा सात भागांचा विशाल विधिग्रंथ रचला गेला. त्याच्या दुसऱ्या भागात राजवारसाचा नियम आहे : ज्येष्ठ पुत्र पित्याच्या हयातीत मरण पावला आणि त्याला औरस अपत्य असले, तर राज्य त्या अपत्याकडे जावे. रोमन विधिपरंपरेतून आलेला हा प्रतिनिधित्वाचा सिद्धान्त कास्तीलच्या जुन्या रूढीशी विसंगत होता. रूढीनुसार नातवापेक्षा हयात पुत्र राजाला अधिक निकटचा मानला जाई.

या विरोधाची कसोटी १२७५ मध्ये लागली. सम्राटपदाचा प्रश्न घेऊन राजा फ्रान्समधील बोकेर येथे पोप दहाव्या ग्रेगरीला भेटावयास गेला असता मोरोक्कोच्या मरीनी फौजा स्पेनमध्ये उतरल्या. त्यांच्यावर चालून जाताना फेर्नान्दो व्हिया रेआल येथे मृत्यू पावला. सतरा वर्षांच्या सान्चोने संरक्षणाची धुरा उचलली आणि लोकांची मने जिंकली. फेर्नान्दोचे दोन पुत्र अजून बालवयात होते. अशा स्थितीत राजाने रूढीपुढे मान तुकविली व सान्चोला वारस म्हणून मान्यता दिली. १२७८ मध्ये राणी व्हियोलान्ते नातवांना घेऊन आपला भाऊ, आरागॉनचा पेद्रो तिसरा, याच्या आश्रयास गेली.

पुढे फ्रान्सच्या दडपणाने आणि बहुधा स्वतःच्या कायद्याच्या स्मरणाने राजाने थोरल्या नातवास राज्याचा एक भाग देण्याचा विचार मांडला, तेव्हा सान्चो उघड विरोधात गेला. एप्रिल १२८२ मध्ये व्हायादोलीद येथील सभेने राजाचे अधिकार काढून सान्चोच्या हाती दिले. राजाचा धाकटा बंधू मानुएल व प्रत्यक्ष राणीही पुत्राच्या पक्षात होती. सेव्हिल, मुर्सिया अशा थोड्याच नगरांनी वृद्ध राजाची साथ सोडली नाही. ज्या मरीनी सुलतानाच्या फौजांवर चालून जाताना ज्येष्ठ पुत्र गेला, त्याच्याचकडे दुसऱ्या पुत्राविरुद्ध मदत मागण्याची वेळ पित्यावर आली. त्या पडत्या काळात पोर्तुगालची राणी बेआत्रिस, ती अनौरस कन्या, पित्याजवळ येऊन राहिली. राजाने सान्चोला शाप देऊन वारसाहक्कातून दूर केले, नातवाच्या बाजूने मृत्युपत्र केले आणि ४ एप्रिल १२८४ रोजी सेव्हिल येथे देह ठेवला. मृत्युपत्र कागदावरच राहिले. गादीवर सान्चोच बसला.

यावरून मारियानाचा ठपका कितपत टिकतो? राज्य डळमळले ते ताऱ्यांमुळे नव्हे. सम्राटपदाच्या खर्चाने प्रजा व सरदार दुरावले होते. त्यातच जुनी रूढी व नवा विधी यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी राजावर आली, तेव्हा तो प्रथम एकीकडे व नंतर दुसरीकडे झुकला. पहिल्या निर्णयाने नातू दुखावले, दुसऱ्याने पुत्र. विद्वत्तेने त्याला नियम दिला होता. तो वेळीच पाळण्याचा किंवा वेळीच सोडण्याचा निश्चय विद्वत्ता देऊ शकली नाही. ‘विद्वान’ आणि ‘शहाणा’ यांतील अंतर ते हेच.

तथापि या कथेचा शेवट १२८४ मध्ये होत नाही. ‘पार्तिदास’ला रचनाकाराच्या हयातीत कायद्याचे पूर्ण बळ लाभले नव्हते. ते १३४८ मध्ये आल्काला येथील विधानाने लाभले. प्रचलित कायदे जेथे मूक असतील तेथे हा ग्रंथ प्रमाण मानावा, असे ठरले. हे विधान करणारा अल्फोन्सो अकरावा हा सान्चोचाच नातू होता. ज्या शाखेने त्या कायद्याला डावलून राज्य मिळविले, तिनेच अखेर त्याला राज्यात स्थान दिले.