जुन्या ऑस्ट्रेलियन लाल वाइनची पारख

ऑस्ट्रेलियात वाइनची पारख करण्याची जी शिस्त आज रूढ आहे, ती शेतकी प्रदर्शनांच्या मंडपांत जन्मली आणि तिथेच वाढली. मेंढ्या, घोडे, गहू आणि लोणी यांचे नमुने जिथे मांडले जात, तिथेच द्राक्षमळेवाले आपल्या बाटल्या घेऊन येत, आणि ज्या नजरेने लोकरीचा धागा तपासला जाई त्याच नजरेने वाइनमधले दोष शोधले जात. दोष हुडकण्याचे काम या पद्धतीने फार चोख केले. परंतु आज कोवळी असलेली लाल वाइन वीस-तीस वर्षे मुरल्यावर कोणत्या थराला पोचेल, हे ओळखणे तिला दीर्घकाळ साधले नाही; आणि जुन्या ऑस्ट्रेलियन लाल वाइनच्या परीक्षेचा इतिहास म्हणजे बव्हंशी ही उणीव आणि ती सावकाश भरून निघण्याची हकीकत होय.

द्राक्षवेल या खंडावर 1788 मध्ये, गव्हर्नर आर्थर फिलिप याच्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबर आली. वाटेत रिओ द जानेरो आणि केप ऑफ गुड होप येथे घेतलेली कलमे सिडनीच्या किनाऱ्यावर लावण्यात आली. ग्रेगरी ब्लॅक्सलंड याने 1822 मध्ये लंडनला पाठवलेल्या लाल वाइनला तिथल्या कलासंस्थेचे रौप्यपदक मिळाले, तेव्हापासूनच या वसाहतीला दूरच्या परीक्षकांच्या अभिप्रायाची ओढ लागली असे म्हणता येते. जेम्स बझबी याने 1831 मध्ये स्पेन आणि फ्रान्स पालथे घालून शेकडो जातींच्या काड्या आणल्या, आणि त्यांत ऱ्होन नदीकाठच्या हर्मिटेज टेकडीवरची सिराह ही जात होती, जिला ऑस्ट्रेलियात पुढे शिराझ किंवा नुसते हर्मिटेज म्हटले जाऊ लागले. मुळे पोखरणारा फिलॉक्सेरा हा कीटक 1877 मध्ये व्हिक्टोरियातील जिलाँगजवळ सापडला आणि त्या वसाहतीतले कितीतरी मळे त्याने उद्ध्वस्त केले. दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र कडक बंदोबस्तामुळे तो शिरू शकला नाही. त्यामुळे बरोसा खोऱ्यात, जिथे सायलेशियातून आलेल्या ल्यूथरपंथी जर्मन कुटुंबांनी 1840 च्या दशकात वस्ती केली, तिथे एकोणिसाव्या शतकातले वेल स्वतःच्याच मुळांवर आजही फळ देतात. मुरण्याची ताकद असलेल्या वाइनला लागणारा कच्चा माल असा हाताशी होता, तरी त्याचे चीज व्हायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

याचे मुख्य कारण बाजारात होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियन वाइनधंदा ‘फोर्टिफाइड’ वाइनवर, म्हणजे आंबवण चालू असतानाच द्राक्षांचा मद्यार्क घालून गोड आणि कडक केलेल्या पेयांवर, उभा होता. ब्रिटनला जाणारा मालही मुख्यतः हाच असे. जेवणाबरोबर घ्यायच्या कोरड्या, म्हणजे जिच्यात साखर शिल्लक राहिलेली नाही अशा, लाल वाइनला गिऱ्हाईक थोडे होते आणि तिची वर्गवारीही उसन्या फ्रेंच नावांनी होत असे: कसदार, तुरट ती ‘क्लॅरेट’ आणि मऊ, भरदार ती ‘बर्गंडी’. एकाच मळ्यातल्या शिराझची वाइन एका प्रदर्शनात या गटात तर दुसऱ्यात त्या गटात मांडली जाऊ शके, कारण परीक्षकासमोर प्रश्न वाइन कुठली आहे हा नसून ती ठरलेल्या नमुन्यात बसते की नाही एवढाच असे. अशा काळात हंटर खोऱ्यातील माउंट प्लेझंट येथे मॉरिस ओशे याने 1920 च्या दशकापासून 1956 मधील मृत्यूपर्यंत केलेल्या शिराझ फार थोड्या लोकांपर्यंत पोचल्या, यात नवल नाही. त्याने फ्रान्समध्ये शिक्षण घेतले होते, आणि त्याच्या 1940 च्या दशकातल्या काही बाटल्या अर्धशतकानंतरही जिवंत निघाल्या. त्याच्या हयातीत त्यांचे मोल जाणणारे जाणकार मोजकेच होते, ही गोष्ट मनाला लागून राहते.

प्रदर्शनांत जी गुणपद्धती स्थिरावली ती 20 गुणांची. त्यांपैकी 3 गुण रंग आणि नितळपणा यांना, 7 गंधाला आणि 10 तोंडातल्या चवीला दिले जात, 15.5 गुणांना कांस्य, 17 ला रौप्य आणि 18.5 ला सुवर्णपदक. तीन परीक्षक क्रमांक टाकलेल्या पेल्यांच्या रांगेपुढून जातात, वाइन तोंडात घोळवून थुंकतात, स्वतंत्रपणे गुण लिहितात आणि मग आकडे जुळवून चर्चा करतात. बाटली कोणाची आहे हे त्यांना शेवटपर्यंत सांगितले जात नाही. ही पद्धत निःपक्षपाती आहे आणि तिने देशभरातल्या वाइनचा सर्वसाधारण दर्जा उंचावला, हे मान्यच केले पाहिजे. तथापि एका दिवसात शेकड्याच्या घरात नमुने चाखणाऱ्या जिभेला जे चटकन भिडते त्यालाच गुण मिळण्याचा धोका तिच्यात अंगभूत आहे. मेलबर्नच्या लायगन रस्त्यावर वाइनचे दुकान चालवून शहराला कोरड्या वाइनची गोडी लावणारे जिमी वॉटसन यांच्या स्मरणार्थ 1962 मध्ये सुरू झालेला करंडक वर्षभराच्या सर्वोत्तम लाल वाइनला दिला जाऊ लागला, तेव्हा हा धोका उघडच दिसू लागला. ती वाइन बहुधा अजून पिंपातच असे, बाटलीत भरायचीही बाकी असे, आणि तरीही त्या करंडकामुळे तिची विक्री धडाक्याने होई. वाइनकार वुल्फ ब्लास याने हा करंडक 1974 ते 1976 असा सलग तीनदा पटकावला, आणि ओकच्या लाकडाच्या गोडसर वासाची, लवकर पिण्याजोगी लाल वाइन ही धंद्याची मोठी वाट झाली. ज्या वाइनने अजून मुरायलाही सुरुवात केलेली नाही तिला देशातला सर्वांत नावाजलेला लाल वाइनचा मान द्यावा, हा निर्णय धंद्याच्या सोयीचा होता. पारखीच्या दृष्टीने तो चुकलेलाच होता.

मुरण्याजोगी वाइन करण्याची विद्या या करंडकाच्या आधीपासूनच दुसरीकडे घडत होती. 1935 मध्ये पेनफोल्ड्स कंपनीत आलेला रसायनतज्ज्ञ रे बेकविथ याने वाइनचा पीएच, म्हणजे तिच्या आम्लतेचे माप, मोजून आणि आवश्यक तेथे टार्टरिक आम्ल घालून तो काबूत ठेवला, तर जिवाणूंमुळे होणारी नासाडी टळते हे दाखवून दिले. हे संशोधन कंपनीने आपल्यापुरतेच राखले. पेनफोल्ड्समध्ये पोरवयात निरोप्या म्हणून लागून 1948 मध्ये मुख्य वाइनकार झालेला मॅक्स शूबर्ट 1950 मध्ये शेरी ही फोर्टिफाइड वाइन बनवण्याची पद्धत पाहण्यासाठी युरोपला गेला. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील बोर्दो येथे वाइन-व्यापारी क्रिस्त्यां क्रूझ याने त्याला चाळीस-पन्नास वर्षांच्या वाइन चाखवल्या. त्यांतला जिवंतपणा पाहून आपल्या देशातही निदान वीस वर्षे टिकेल अशी लाल वाइन करायची, हा निश्चय त्याने तिथेच केला.

1951 च्या हंगामात त्याने अ‍ॅडलेडजवळच्या मॅगिल आणि मॉर्फेट व्हेल येथील शिराझ घेतली, कारण बोर्दोची काबर्ने सोव्हिन्यों ही जात तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियात फारशी मिळत नव्हती. रस सालींसह सुमारे बारा दिवस आंबवला आणि आंबवण पूर्ण होण्याआधीच तो सुमारे 300 लिटरच्या पाच नव्या अमेरिकन ओकच्या पिंपांत भरला. तुलनेसाठी त्याच रसाचा एक भाग हजार गॅलनच्या जुन्या मोठ्या पिंपात ठेवला. नव्या ओकमधून मिळणारा गंध, सालींतला तुरटपणा आणि पिकलेल्या शिराझचा कस यांच्या मिलाफातून ‘ग्रेंज हर्मिटेज’ जन्मली. मात्र 1956 च्या अखेरीस सिडनीत संचालक आणि निमंत्रित जाणकार यांच्यासमोर पहिल्या काही वर्षांच्या बाटल्या उघडण्यात आल्या, तेव्हा बहुतेकांनी तोंड वाकडे केले: एकाला ते कोणी विकत न घेणारे कोरडे पोर्ट वाटले, तर दुसऱ्याला त्यात रानफळांबरोबर चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली. 1957 च्या हंगामापूर्वी उत्पादन थांबवण्याचा लेखी आदेश निघाला. शूबर्टने तो पाळला नाही. मॅगिलच्या तळघरात, नव्या ओकची खरेदी उघडपणे करता येत नसताना, त्याने 1957, 1958 आणि 1959 या तिन्ही वर्षांची वाइन गुपचूप केली. दरम्यान बाटल्यांतली पहिली वाइन मुरत गेली, पुन्हा चाखणाऱ्यांचे मत पालटले आणि 1960 मध्ये संचालकांनी उत्पादन पुन्हा सुरू करायला सांगितले. 1962 मध्ये सिडनीच्या प्रदर्शनात 1955 ची ग्रेंज क्लॅरेटच्या खुल्या गटात उतरली आणि सुवर्णपदक घेऊन आली. पुढच्या काळात याच एका वर्षाच्या वाइनने पन्नासहून अधिक सुवर्णपदके मिळवली. पहिल्या परीक्षकांच्या जिभा अधू होत्या असे नाही. त्यांच्यापुढे ठेवलेला पदार्थ परीक्षेला तयार झालेला नव्हता, आणि तयार नसलेल्या पदार्थात पुढची शक्यता वाचण्याची सवय त्यांना कोणी लावली नव्हती.

ही सवय म्हणजे काय, हे एखादी जुनी बाटली कशी तपासली जाते ते पाहिले की कळते. बाटली आधी दिवस-दोन दिवस उभी ठेवतात, जेणेकरून काळाच्या ओघात साचलेला गाळ तळाशी बसावा. मग वाइनची पातळी पाहतात: ती मानेत असेल तर बूच शाबूत राहिले असे मानता येते, आणि खांद्याखाली उतरली असेल तर हवा शिरल्याची शंका येते. बूच हलक्या हाताने काढून, मानेखाली दिवा धरून वाइन दुसऱ्या सुरईत ओततात आणि गाळाची पहिली काळी रेघ मानेपाशी दिसताच ओतणे थांबवतात. पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरका धरला की कडेचा रंग दिसतो: कोवळ्या शिराझची जांभळी कड वर्षांगणिक माणिकासारखी लाल, मग विटकरी आणि शेवटी तपकिरी होत जाते, कारण रंगद्रव्ये आणि टॅनिन, म्हणजे सालीबियांतली तुरट द्रव्ये, एकमेकांत गुंतून जड साखळ्या बनतात आणि त्यांतला काही भाग गाळ होऊन खाली बसतो. याच क्रियेने तोंडातला करकरीतपणाही मावळतो. गंध पेला न हलवता आधी घ्यावा लागतो, कारण फार जुन्या वाइनचा सुगंध हवा लागताच काही मिनिटांत उडून जाऊ शकतो. ताज्या फळाच्या जागी कातडे, तंबाखू, ओली माती, सुकलेले अंजीर असे वास आलेले असतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित आहे, आणि नखे रंगवण्याच्या रोगणासारखा झोंबरा वास आला तर व्हिनेगरकडे नेणारी आम्लता वाढली आहे, असे समजतात. सगळ्यात निर्णायक कसोटी मात्र घोट थुंकल्यानंतरची: चव किती वेळ टिकते आणि ती टिकत असताना फळ आधी सरते की तुरटपणा. फळ आधी सरले आणि तुरटपणा मागे उरला, तर वाइन कितीही प्रतिष्ठित असली तरी तिचा काळ सरला आहे.

या कसोट्याही अचल नाहीत. हंटर खोऱ्यातल्या जुन्या शिराझला येणारा घामेजलेल्या खोगिरासारखा वास अनेक दशके त्या प्रदेशाची खूण, किंबहुना भूषण मानला जाई. अ‍ॅडलेड येथे 1955 मध्ये स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने पुढे ब्रेटानोमायसिस या यीस्टवर, म्हणजे पिंपांत तग धरून राहणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीवर, जे काम केले त्यातून असे वास बऱ्याचदा तिच्यामुळे येतात हे स्पष्ट झाले, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच वासासाठी परीक्षक गुण कापू लागले. जुन्या बाटल्यांना आज गुण देताना त्या काळच्या वखारींतली स्वच्छता आणि त्या काळचा आवडीचा आदर्श दोन्ही ध्यानात घ्यावे लागतात. नाहीतर त्यांच्यावर अन्याय होतो.

परीक्षकांची ही तयारी करून घेण्याचे श्रेय विशेषकरून वेल्श वंशाच्या लेन इव्हान्स याला द्यावे लागते. जो परीक्षक फक्त कोवळ्या देशी वाइन चाखतो त्याची जीभ तेवढ्यापुरतीच राहते, असा त्याचा आग्रह होता. 2001 मध्ये त्याने हंटर खोऱ्यात सुरू केलेल्या अभ्यासवर्गात दरवर्षी बारा निवडक उमेदवारांना पाच दिवस जुन्या ऑस्ट्रेलियन आणि युरोपीय वाइन आंधळेपणाने, म्हणजे नाव झाकून, शेजारी शेजारी ठेवून चाखायला लावले जाते, आणि तिथून निघालेले अनेक जण पुढे राज्यांच्या प्रदर्शनांत मुख्य परीक्षक झाले. बाजारानेही काळाचे मोल ओळखले: लँग्टन्स या लिलावगृहाने 1990 मध्ये पहिल्यांदा जी वर्गवारी प्रसिद्ध केली तिचा पाया पदकांवर नव्हता; अनेक हंगामांच्या जुन्या बाटल्यांना लिलावात सातत्याने मिळणारी मागणी हा तिचा निकष होता. पेनफोल्ड्सने 1991 पासून जी शिबिरे भरवली, त्यांत किमान पंधरा वर्षे जुन्या बाटल्या मालकांसमक्ष उघडल्या जातात, वाइनकार थोडी चाखतो, पातळी उतरली असेल तर नव्या वाइनने भरून काढतो आणि निकोप निघालेल्या बाटलीला नवे बूच व सहीचे प्रमाणपत्र देतो. सदोष बाटलीला ते प्रमाणपत्र मिळत नाही.