धुराची जकात

परवा नाशिकला मावशीकडे गेले होते. जेवणं झाल्यावर मावसभावाने लॅपटॉप पुढ्यात ठेवला. त्याचा सातपूरला नट-बोल्टचा छोटासा कारखाना आहे. म्हणाला, "ताई, तू इतकी वर्षं इतिहास शिकवलास ना? मग हे कुठून उगवलं ते सांग."

जर्मनीच्या गिऱ्हाईकाने पाठवलेली एक्सेलची शीट होती. एक टन बोल्ट बनवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, तो आकडा भरून द्या!

मला एकदम जकात नाका आठवला. वेशीवर अडवलेले ट्रक, पावत्या, घासाघीस. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईतली जकातही गेली. आता ती युरोपच्या वेशीवर उभी आहे. फरक एवढाच, की माल बनताना निघालेल्या धुरावर ती बसते.

तर गोष्ट सुरू होते २००५ साली. युरोपने आपल्या कारखान्यांसाठी कार्बनचा बाजार उघडला. जेवढा धूर, तेवढे परवाने. पोलादवाले म्हणाले, आम्ही पैसे मोजायचे आणि बाहेरचा माल तसाच आत येणार? मग आम्हीच बाहेर जातो! त्यांना धरून ठेवायला पुष्कळ परवाने फुकट वाटले गेले. साहजिकच नियमाची धार बोथट झाली.

२०१२ मध्ये युरोपात ये-जा करणाऱ्या परदेशी विमानांनाही हा हिशोब लावला. भारत सरकारने आपल्या विमान कंपन्यांना बजावलं, आकडे द्यायचे नाहीत. चीननेही नकार दिला. त्याच नोव्हेंबरात युरोपने 'घड्याळ थांबवलं' आणि बाहेरच्या उड्डाणांना तात्पुरतं वगळलं.

मला वाटतं, त्या माघारीतून ते शिकले. या खेपेला परदेशी कंपनीला हातच लावला नाही, आपल्याच आयातदाराला धरलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून सिमेंट, लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज आणणाऱ्याने दर तिमाहीला अहवाल द्यायचा. पैसे नाहीत, फक्त आकडे. नाही दिले तर टनामागे १० ते ५० युरो दंड. जुलै २०२४ पर्यंत ठोकळ आकडे चालले, मग खरे हवेत म्हणाले. आयातदाराकडे ते कुठून असणार? त्याने विचारलं सातपूरला.

खरी मेख पुढेच आहे. बोल्टमागचा बहुतेक धूर भावाच्या शेडमध्ये निघतच नाही, तो वायर रॉडबरोबर येतो. भारतात टनभर पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी दोनच्या आत. भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा त्याहून पुष्कळ कमी. हा बिचारा रॉड घेतो व्यापाऱ्याकडून. कुठल्या मिलचा, हे कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं तर व्यापारी हसला.

१ जानेवारी २०२६ पासून नुसते आकडे पुरत नाहीत. त्या वर्षीच्या मालासाठी फेब्रुवारी २०२७ पासून प्रमाणपत्रं विकत घ्यायची. वर्षाला ५० टनांच्या आत आणणाऱ्याला २०२५ च्या दुरुस्तीने सूट दिली, पण ती आयातदाराच्या एकूण मालावर मोजतात, आणि याचं गिऱ्हाईक मोठं. युरोपातले फुकट परवाने मात्र एकदम नाही, २०३४ पर्यंत हळूहळू संपणार!

मी चिडलेच. दोन शतकं कोळसा जाळला कुणी? १९९२ साली रिओला ठरलं होतं ना, जबाबदारी सर्वांची पण सारखी नाही? भाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, सगळं खरं आहे गं. पण ऑर्डर गेली तर सतरा माणसांचा पगार कुठून काढू?"

यावर इतिहासाच्या बाईंकडे उत्तर नव्हतं.

असो. सकाळी निघताना बघितलं, तो फोनवर व्यापाऱ्याला सांगत होता, "दोन रुपये जास्त लाव, पण मिलचं नाव आणि कागद दे." जकात नाक्यावर हुज्जत घालत बसणाऱ्यापेक्षा पावती जवळ ठेवणारा ट्रक आधी सुटायचा, एवढं मला आठवतंय.