काकडी व भोपळ्यावरील कीड व रोग

काकडी, लाल भोपळा व त्यांसारख्या वेलभाज्या कुकुरबिटेसी या कुलात मोडतात. परसबागेतील अशा वेलींवर प्रामुख्याने लाल भुंगेरे, फळमाशी, मावा व पांढरी माशी या किडी, तसेच भुरी, केवडा व मोझॅक हे रोग आढळतात. या वेलींवर सामान्यतः नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि फळधारणा मुख्यतः मधमाश्यांवर अवलंबून असते. किडींसाठी फवारलेल्या विषाने मधमाश्या मेल्यास निरोगी वेलीलाही पुरेशी फळे धरत नाहीत. त्यामुळे घरगुती लागवडीत स्वच्छता व प्रतिबंध यांना प्राधान्य दिले जाते.

प्रमुख किडी

लाल भुंगेरे कोवळ्या रोपांची पाने खाऊन त्यांची चाळण करतात. त्यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात. सकाळी लवकर भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकले जातात. लहान रोपांवर बारीक जाळी घालता येते. मात्र फुले येताच ती काढावी लागते.

फळमाशीची मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ वेडेवाकडे होऊन सडते आणि पूर्ण वाढलेल्या अळ्या जमिनीत कोषावस्थेत जातात. कीटकनाशक फळातील अळीपर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून किडलेली व गळलेली फळे रोज गोळा करून नष्ट करणे हा मुख्य उपाय ठरतो. क्यू-ल्यूर सापळ्यात केवळ नर माश्या आकर्षित होतात.

मावा व पांढरी माशी पानांतील रस शोषतात आणि विषाणूंचा प्रसार करतात. त्यांच्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात. ५० ग्रॅम निंबोळी पावडर १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळल्यास तो तयार होतो.

प्रमुख रोग

भुरी रोगात पानांवर पिठासारखा पांढरा थर दिसतो. ब्राझीलमधील संशोधक वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ साली हरितगृहातील झुकिनीवर पातळ केलेले गाईचे दूध फवारून हा रोग आटोक्यात येत असल्याचे दाखवले. गंधकाने मात्र या कुलातील वेलींची पाने करपण्याचा धोका असतो, विशेषतः कडक उन्हात.

केवडा रोग दमट हवेत पसरतो. पानाच्या वरच्या बाजूस शिरांनी सीमित झालेले कोनाकृती पिवळे डाग आणि खालच्या बाजूस करड्या-जांभळ्या रंगाची बुरशी ही त्याची लक्षणे होत. मांडवावर वेल चढवणे, हवा खेळती ठेवणे व पाणी पानांवर न टाकता बुंध्याशी देणे यांमुळे त्याचा प्रसार मंदावतो.

मोझॅक रोगात पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडतात. विषाणूजन्य असल्याने तो बरा होत नाही; रोगट वेल उपटून नष्ट करावी लागते.

फवारणीची वेळ व परागीभवन

काकडी व लाल भोपळ्याची फुले सकाळी उमलतात. त्यामुळे आवश्यक फवारणी संध्याकाळी करतात. दुधी भोपळ्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, हे लक्षात घ्यावे लागते.

सुरुवातीस बहुधा नर फुलेच येतात व गळतात. हा रोग नव्हे. परागीभवन न झालेली लहान फळेही पिवळी पडून गळतात. अशा वेळी औषध फवारण्याऐवजी नर फुलातील पराग सकाळी मादी फुलाच्या कुक्षीवर हाताने लावणे उपयुक्त ठरते. फुलाखाली इवलेसे फळ असल्यास ते मादी फूल होय.