मोरियाच्या वाटेवरचे तीन दिवस

पास्काच्या जागरणविधीत उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायाचे वाचन आपण ऐकतो. अब्राहामाने सुरा उचलला आणि देवदूताने त्याला थांबवले, एवढे आपल्या स्मरणात राहते. परंतु पुत्राला जपणे हे पित्याचे कर्तव्य, आणि त्याच पुत्राला अर्पण करण्याची आज्ञा देवाची. अशा वेळी मनुष्याने काय करावे, या प्रश्नाने तत्त्वज्ञांना शतकानुशतके अस्वस्थ केले आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी म्हटले की, जीवनमरणाचा स्वामी देवच असल्याने त्याच्या आज्ञेने प्राण घेणे हा अन्याय ठरत नाही. उत्तर तर्कशुद्ध आहे. मात्र आज्ञा देवाचीच, हे त्यात गृहीत धरले आहे. इमान्युएल कांट यांनी नेमके तेथेच बोट ठेवले. त्यांच्या १७९३ च्या धर्मविषयक ग्रंथामुळे प्रशियाच्या राजाने पुढल्याच वर्षी त्यांना ताकीद दिली होती. धर्माविषयी पुन्हा न लिहिण्याचे वचन कांट यांनी दिले. १७९७ मध्ये राजा वारला, तेव्हा वचनही संपले असे त्यांनी मानले! १७९८ च्या ग्रंथातील एका तळटीपेत त्यांनी सुचवले की, अब्राहामाने त्या वाणीला उत्तर द्यायला हवे होते: पुत्राला मारू नये हे मला निश्चित ठाऊक आहे, तू देव आहेस हे मात्र निश्चित नाही. देवाची वाणी ऐकल्याचे सांगत कोणी आमच्यापुढे येतो, तेव्हा आम्हा धर्मगुरूंना ही तळटीप दृष्टिआड करता येत नाही.

कोपनहेगनच्या सोरेन किर्केगार्द यांनी १८४३ साली टोपणनावाने ‘भय आणि कंप’ हा ग्रंथ लिहिला. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी रेगिना ओल्सेन हिच्याशी झालेला वाङ्निश्चय मोडला होता. ग्रीक राजा अ‍ॅगामेम्नॉन राष्ट्रासाठी कन्येचा बळी देतो, तेव्हा सारी प्रजा त्याच्यासोबत रडते. अब्राहामाला मात्र आपले दुःख सारेलाही सांगता येत नाही, असे ते दाखवतात. मोरियाकडे जाणाऱ्या त्या तीन दिवसांतील मौन त्यांच्याइतके क्वचितच कोणी ऐकले असेल. कांट यांच्या प्रश्नाचे खंडन त्यांनी केलेले नाही. श्रद्धा स्वस्तात मिळते असे मानणाऱ्या आपल्या लुथरपंथीय देशबांधवांना त्यांनी तिची किंमत तेवढी दाखवली. आमच्या मते तेच अधिक प्रामाणिक आहे.

ग्रंथाच्या आरंभी त्यांनी हीच कथा चार वेगळ्या रीतींनी कल्पिली आहे. चौथीत अब्राहाम सुरा उपसतो, तेव्हा निराशेने आवळलेली त्याची मूठ इसहाकाला दिसते. दोघे सुखरूप घरी परततात, सारा धावत सामोरी येते; पण इसहाकाची श्रद्धा हरपलेली असते. त्याविषयी तो कोणाशीही एक शब्द बोलत नाही, आणि अब्राहामाला ते कधीच कळत नाही.