लुईज ब्रुक्स : एका नटीची साक्ष

राजकारण, अर्थकारण, संतवाङ्मय हे व्याख्यानमालांचे नित्याचे विषय. त्यांच्या पंक्तीस एका अमेरिकन नटीचे चरित्र आणून बसवावे, यास आमच्यापाशी एक कारण आहे. चित्रपट ही सव्वाशे वर्षांची कला. तिचा पहिला इतिहास चित्रपट कंपन्यांच्या प्रसिद्धिखात्यांनी लिहिला, आणि जगाने तो बराच काळ खरा मानला. लुईज ब्रुक्सच्या बाबतीत कंपनीने दिलेला निकाल एक आणि पुढच्या पिढ्यांनी दिलेला निकाल त्याच्या अगदी उलट. दोन्ही बाजूंचा पुरावा आज आपल्यापुढे आहे. म्हणून एखादा लौकिक कसा बनतो, कसा बुडतो आणि पुन्हा कसा वर येतो, हे पाहावयाचे असेल तर हे चरित्र उपयोगी पडते.

लुईजचा जन्म १४ नोव्हेंबर १९०६ रोजी कॅन्सस प्रांतातील चेरीव्हेल या लहान गावी झाला. वडील वकील, आई पियानो उत्तम वाजविणारी. घरात पुस्तके होती, संगीत होते. मुलांवर लक्ष मात्र फारसे नव्हते. नवव्या वर्षाच्या सुमारास एका शेजाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला, आणि पुढे ते आईला कळले तेव्हा आईने बोल लावला तो मुलीलाच. ही गोष्ट लुईजने फार उशिरा उघड केली. तिच्या पुढील आयुष्यातील बेदरकारपणाचे मूळ शोधणाऱ्यांनी ती विसरू नये.

१९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या 'डेनिशॉन' या नृत्यसंस्थेत दाखल झाली. पुढे जगद्विख्यात झालेली मार्था ग्रॅहम ही तिथली तिची ज्येष्ठ सहकारी. रूथ सेंट डेनिसला हिंदी नृत्याचे, किंबहुना तिच्या कल्पनेतील हिंदी नृत्याचे, मोठे वेड. १९०६ सालीच तिने 'राधा' नावाचे नृत्य रंगभूमीवर आणले होते. ही संस्था १९२६ साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आली. पण त्या मंडळीत लुईज नव्हती. शिस्त न जुमानणारी म्हणून १९२४ सालीच तिला सर्वांदेखत संस्थेतून काढून टाकण्यात आले होते. दुसरी एखादी मुलगी अशा अपमानाने गावी परतली असती. ही न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गेली, १९२५ साली झीगफेल्डच्या प्रसिद्ध 'फॉलीज'मध्ये नाचू लागली, आणि त्याच वर्षी पॅरामाउंट कंपनीशी तिचा करार झाला.

त्यानंतरच्या तीन वर्षांत तिने डझनाहून अधिक मूकपटांत कामे केली. कपाळावर सरळ कातरलेले, गालापर्यंत येणारे तिचे काळेभोर केस ही त्या काळची टूम होऊन बसली. परंतु केसांची कीर्ती झाली की अभिनयाकडे लोकांचे लक्ष जात नाही. १९२८ साली विल्यम वेलमनने दिग्दर्शिलेल्या 'बेगर्स ऑफ लाइफ' या चित्रपटात ती पुरुषवेषात, आगगाड्यांवरून चोरून प्रवास करणारी मुलगी होते. सजावट उतरली तरी तिची पडद्यावरील पकड सुटत नाही, हे तेथे स्पष्ट दिसते.

ह्याच सुमारास बोलपट आला आणि मालकांच्या हाती एक नवे हत्यार लागले. कोणाचा आवाज यंत्राला मानवेल, कोणाचा नाही, हे ठरविणार कंपनी! ह्या धाकावर कित्येक नटनट्यांची ठरलेली पगारवाढ रोखली गेली. पॅरामाउंटचा अधिकारी बी. पी. शुल्बर्ग याने लुईजपुढेही हाच पर्याय ठेवला : आहे त्या पगारावर राहा, नाही तर जा. ती गेली. जर्मन दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्ट तिला आपल्या चित्रपटासाठी मागत होता. तिने बर्लिन गाठले.

तिच्या मागे तिचा 'द कॅनरी मर्डर केस' हा तयार झालेला मूकपट बोलपटात रूपांतरित करावयाचे ठरले. संवाद बोलण्यासाठी परत ये, असा कंपनीचा निरोप गेला. तिने साफ नकार दिला. अखेर मार्गारेट लिव्हिंग्स्टन या नटीचा आवाज तिच्या ओठांवर बसविण्यात आला, आणि ब्रुक्सचा आवाज बोलपटाला चालत नाही अशी वार्ता पसरली.

ही वार्ता खरी होती काय? येथे इतिहासाच्या अभ्यासकाला साधा मार्ग मोकळा आहे : पुरावा ऐकावा. १९३१ साली 'इट पेज टू ॲडव्हर्टाइझ' आणि 'गॉड्स गिफ्ट टू विमेन' या बोलपटांत ती स्वतःच्या आवाजात बोलली आहे. १९३८ साली जॉन वेनबरोबर केलेल्या 'ओव्हरलँड स्टेज रेडर्स' या तिच्या अखेरच्या चित्रपटातही बोलली आहे. आवाज स्वच्छ आहे, उच्चार नीट आहेत. तात्पर्य, दोष गळ्यात नव्हता. नकार देण्याच्या सवयीत होता.

बर्लिनमध्ये घडले ते वेगळेच. फ्रांक वेडेकिंडच्या नाटकांवर आधारलेला 'पँडोराज बॉक्स' हा पाब्स्टचा मूकपट १९२९ साली प्रकाशित झाला. त्यातील लुलू पुरुषांच्या विनाशाला कारण होते, पण तिच्या मनात कपट नाही. ही लुलू लुईजने अशा सहजतेने उभी केली की तत्कालीन जर्मन टीकाकारांना तो अभिनयच वाटला नाही! ही मुलगी काहीच करीत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय जर्मन भूमिकेसाठी अमेरिकन मुलगी कशाला, हा राग होताच. सहकारी नट फ्रिट्झ कोर्टनर तिचा मनापासून तिरस्कार करी. पाब्स्टने तो तिरस्कार न निवळविता तसाच कॅमेऱ्यापुढे वापरून घेतला, असे तिने पुढे नोंदवून ठेवले आहे. त्याच वर्षी पाब्स्टचाच 'डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल' आणि १९३० साली फ्रान्समध्ये 'प्री द बोते' असे आणखी दोन चित्रपट तिने केले.

अमेरिकेस परतल्यावर उतरण लागली. मात्र ह्या उतरणीचे सारे खापर कंपनीवर फोडणेही न्याय्य होणार नाही. वेलमनने १९३१ साली 'द पब्लिक एनिमी' या चित्रपटात तिला भूमिका देऊ केली होती. तिने ती सोडली, आणि तीच भूमिका जीन हार्लोने केली. १९३२ साली लुईजचे दिवाळे निघाले. दोन विवाह झाले, दोन्ही मोडले. १९४० साली ती विचिटा येथे आईवडिलांच्या घरी परतली. तेथे नृत्याची शिकवणी चालविली, ती चालली नाही. पुन्हा न्यूयॉर्क गाठून काही काळ एका मोठ्या दुकानात विक्रेतीचे काम केले. मद्य आणि एकांत सोबतीला होते. ह्या वर्षांना कोणी काव्यमय रंग देऊ नये. ती हलाखीची वर्षे होती.

तिला वर काढले ते चित्रांच्या जतनाने. १९५५ साली पॅरिस येथे चित्रपटाच्या साठ वर्षांचे प्रदर्शन भरले. त्याचा कर्ता, फ्रेंच चित्रसंग्रहालयाचा प्रमुख आंरी लांग्ल्वा, याने लुईजचे भव्य छायाचित्र प्रदर्शनात लावले आणि गार्बो व डीट्रिख यांच्याहूनही तिला वरचे स्थान दिले. अमेरिकेत रॉचेस्टर येथील ईस्टमन हाउसचा चित्रपट-संरक्षक जेम्स कार्ड याने तिचा ठाव काढला, आणि १९५६ साली ती त्या गावी राहावयास गेली. कोडॅक कंपनीच्या ह्या गावी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिने आपलेच कित्येक चित्रपट प्रथम पाहिले.

आणि मग ती लिहू लागली. तिच्या लेखांत स्वतःची कीव नाही. बोगार्ट, डब्ल्यू. सी. फील्ड्स, पाब्स्ट यांची तिने रेखाटलेली चित्रे नेमकी आणि धारदार आहेत. गिश आणि गार्बो यांवरील लेखात तर, डोईजड झालेली लिलियन गिश कंपनीला नकोशी होताच तिचा लौकिक कसा पद्धतशीर खच्ची करण्यात आला, हे तिने मांडले. ज्या यंत्रणेने तिला बुडविले तिचाच अभ्यास तिने केला! १९८२ साली 'लुलू इन हॉलिवूड' हा लेखसंग्रह निघाला. ८ ऑगस्ट १९८५ रोजी रॉचेस्टर येथे तिचा अंत झाला.

लुईज ही स्वतःच्या खटल्यातील साक्षीदार. तिची साक्षही पारखूनच घेतली पाहिजे. त्यात भर म्हणजे आपले लिहिलेले आत्मचरित्र तिने स्वतःच्या हाताने जाळले. ते आता कोणाला वाचता येणार नाही. चित्रपटांची गतही फार वेगळी नाही. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे त्या देशातील पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे नष्ट झाले आहेत. लुईजच्या मूकपटांपैकीही कित्येक त्यांत गेले.

'पँडोराज बॉक्स' हाही त्याच वाटेने गेला असता तर? तर 'आवाज बरा नव्हता म्हणून मागे पडलेली एक नटी' एवढीच ओळ तिच्या नावापुढे उरली असती, आणि ती खोटी आहे हे सांगावयास कोणापाशी काही आधार नसता. लुईजला न्याय मिळाला तो फिती सांभाळून ठेवणाऱ्या चार माणसांमुळे. बलवानांनी लिहून ठेवलेला निकाल फिरवावयाचा तर पुरावा जपून ठेवणारे कोणी तरी आधी असावे लागते. हे काम करणाऱ्यांचे नाव पडद्यावर येत नाही. इतिहासाने तरी त्यांचे स्मरण ठेवावे, असे आम्हांस वाटते.