पनवेलचे बंदर आणि कोनवरून जाणारी वाट

पनवेलहून पुण्याच्या जुन्या हमरस्त्याने निघाले की पळस्पे ओलांडल्यावर कोन लागते. आज या गावाची ओळख करून द्यावयाची तर ती रस्त्यांच्याच हिशेबाने द्यावी लागते: येथून सावळ्याकडे व पुढे रसायनीकडे फाटा जातो, जवळून द्रुतगती मार्गाची अखंड धडधड ऐकू येते, आणि शेतांच्या जागी उठलेल्या उंच इमारती दुरून दिसतात. परंतु ज्या हमरस्त्याच्या आधाराने हे गाव जगाला ठाऊक आहे, तो हमरस्ता मुळात एका मोठ्या प्रवासाचा उत्तरार्ध होता, आणि त्या प्रवासाचा पूर्वार्ध पाण्यावरून होत असे, ही गोष्ट आता ताशी शंभर किलोमीटर वेगाने पुढे निघालेल्या वाटसरूच्या ध्यानी येण्याचे कारण उरलेले नाही.

मुंबई हे बेट होते, आणि वाशीचा खाडीपूल व्हावयास १९७३ साल उजाडावे लागले, एवढे लक्षात घेतले म्हणजे पनवेलच्या बंदराचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. साष्टी १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेल्यापासून १८१८ साली पेशवाई बुडेपर्यंत या पाण्याच्या एका काठावर कंपनी सरकारचा आणि दुसऱ्या काठावर पुणे दरबारचा अंमल होता. तरीही, किंबहुना म्हणूनच, दोन मुलखांमधला मालाचा राबता याच खाडीने होई. देशावरचा कापूस व धान्य बैलांच्या पाठीवरून बोरघाट उतरून येई, आणि परतीच्या वाटेवर त्याच लमाणांच्या तांड्यांतून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेला मचवा किंवा पडाव घारापुरी बगलेस टाकून, बेलापूरच्या किल्ल्यापाशी पनवेलच्या खाडीत शिरे. तेथून पुढे मात्र सत्ता ना कंपनीची चाले ना पेशव्यांची. ती भरतीची चाले. वरचा भाग उथळ आणि गाळाचा असल्यामुळे पाठीशी चढते पाणी असेल तरच गलबत धक्क्याला लागावयाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जे सहज साधे ते अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्यात, साधेलच अशी खात्री कोणताही तांडेल देत नसे, आणि ओहोटीत सापडलेल्या उतारूला, मग तो शेठ असो की साहेब, चिखलाच्या मधोमध पुढच्या भरतीची प्रतीक्षा करीत बसण्यावाचून गत्यंतर नसे.

साहेबाची प्रतीक्षा अर्थातच जरा सुखाची असे. त्याच्यासाठी ठेवलेल्या बंदर-बोटीच्या मागच्या अंगाला झिलमिलीच्या खिडक्यांची एक लहानशी खोली असे. तीत गाद्या घातलेल्या असत, आणि वारा पडला की वल्ही मारावयास खलाशी तयार असत. पनवेलास उतरल्यावर पालखीची डाक आधीच बसविलेली असावी लागे, म्हणजे टप्प्याटप्प्यावर भोयांच्या नव्या जोड्या उभ्या असाव्या लागत, आणि त्यांचा बंदोबस्त झालेला असेल तर पळस्पे, कोन, चौक, खालापूर, खोपोली अशी गावे एकामागून एक मागे पडत. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ साली याच मार्गाने पुण्यास गेला, आणि वाटेतल्या मुक्कामांविषयी त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले. खोपोलीस नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे देऊळ हा त्या काळच्या प्रवाशाचा मोठा विसावा होता, कारण त्यापुढे घाट चढावयाचा असे.

तो घाट चाकांसाठी मोकळा झाला १८३० मध्ये. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने त्या वर्षीच्या १० नोव्हेंबरला, रस्ता पुरता तयार झालेला नसतानाही, काही मंडळींसह गाड्यांतून घाट उतरून दाखविला. कॅप्टन ह्यूजेस याच्या देखरेखीखाली त्याच वर्षी बांधलेला पूल, पुढे ज्याला लोक अमृतांजन पूल म्हणू लागले, तो २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीच्या शांततेत पाडण्यात आला. माल्कमच्या रस्त्यामुळे लमाणांच्या बैलांचा जमाना हळूहळू सरला आणि बैलगाड्यांचा सुरू झाला. पनवेलच्या सुतारांनी गाडीची चाके बनविण्यात जे नाव मिळविले ते या रस्त्याचेच अपत्य होय. १८५२ साली तेथे नगरपालिका स्थापन झाली, आणि ती महाराष्ट्रातील अगदी पहिल्यांपैकी एक होती; बंदर आणि हमरस्ता एकत्र आल्यावर गावाला जी सुबत्ता येते तिचे दप्तरी प्रमाणपत्र यापेक्षा निराळे काय असावे?

आता थोडे दूर जाऊ. फ्रान्सच्या दक्षिणेत पिएर-पॉल रिके नावाचा एक इजारदार होता. मिठावरील कर वसूल करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता, आणि मिठाच्या पैशातून माणसाला काय काय सुचावे याला मर्यादा नसल्यामुळे त्याने अटलांटिकचे पाणी भूमध्य समुद्राला जोडण्याचा ध्यास घेतला. चौदाव्या लुईचे फर्मान १६६६ मध्ये निघाले. तुलूझपासून समुद्रकाठच्या सरोवरापर्यंतचा सुमारे २४० किलोमीटरचा हा कालवा १६८१ मध्ये खुला झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधीच वारला. या कालव्याची खुबी अशी की त्याला भरती-ओहोटी नाही. डोंगरातले पाणी सॅं-फेरेओलच्या जलाशयात साठवावयाचे, ते कालव्याच्या सर्वोच्च बिंदूवर आणावयाचे, आणि दोन्ही बाजूंस दारांच्या कोठ्या बांधून नावेला पायरी-पायरीने उतरवावयाचे किंवा चढवावयाचे. काठावरून घोडा दोर ओढीत चाले. अमेरिकेचा टॉमस जेफरसन १७८७ मध्ये या कालव्यावरून गेला तेव्हा त्याने आपल्या बग्गीची चाके काढून ती नावेवर चढविली होती, आणि कंटाळा आला की तो काठाने पायी चाले.

तुलूझ आणि पनवेल यांच्या इतिहासाची पाने पुढे इतकी समांतर उलटतात की पाहणाऱ्याला नवल वाटावे. बोर्दो ते सेत ही रेल्वे १८५७ मध्ये पुरी झाली आणि पुढच्याच वर्षी कालवाच रेल्वे कंपनीच्या इजाऱ्यात गेला. स्पर्धकाच्या हाती चावी दिल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. इकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी १८५६ मध्ये खोपोलीस पोहोचली, खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि १८६३ मध्ये घाटातला चढ पुरा होताच मुंबईचा उतारू डब्यातून न उतरता पुण्यास जाऊ लागला. लोहमार्ग कल्याण-कर्जतकडून गेला. पनवेल, पळस्पे, कोन, चौक ही सारी रांग एका हंगामात आडबाजूला पडली. पनवेलास स्वतःची रेल्वे मिळावयास १९६४ साल यावे लागले, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ.

येथून पुढे मात्र वाटा फुटतात, आणि मला ज्यात रस आहे तो भाग हाच. फ्रान्समधील मालवाहू नावा मोटारलॉरीपुढे टिकल्या नाहीत, तेव्हा १९६० च्या दशकापासून त्यांतल्या काहींचा तळ रिकामा करून तेथे शयनगृहे, स्नानगृहे आणि भोजनकक्ष बांधण्यात आले. आज बरगंडीत किंवा रिकेच्या त्या कालव्यावर, म्हणजे मिदीच्या कालव्यावर, सहा ते वीस पाहुण्यांचे असे तरंगते हॉटेल वसंतापासून शरदापर्यंत फिरते. सोबत स्वतंत्र आचारी असतो, काठाने फिरावयास सायकली असतात, आणि मोटारीने तास-दीड तासात संपणारे अंतर ही नाव आठवड्यात कापते. प्रवासी त्या संथपणासाठी भरभक्कम पैसे मोजतो. म्हणजे लोहमार्गाने जे हिरावून घेतले होते, वाटेतले गाव, दुपारचा विसावा, आज कोठे मुक्काम होणार याची किंचित अनिश्चितता, तेच आता चैनीचा माल म्हणून परत विकले जात आहे. आपल्याकडे केरळात तांदूळ वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम नावांचे हेच झाले.

पनवेलच्या खाडीत ते का झाले नाही? आपल्या लोकांना सौंदर्यदृष्टी नाही, असे एक उत्तर सवयीने दिले जाते. ते मला मान्य नाही. कालवा ही बांधलेली वस्तू आहे: तिला मालक असतो, तिची दारे उघडणारा नोकर असतो, तिच्या दुरुस्तीचे कलम दरवर्षी अंदाजपत्रकात असते, आणि व्यापार गेला तरी सरकारला ती एकदम टाकून देता येत नाही. खाडीला असा वाली नाही. गाढी आणि काळुंद्री यांनी आणलेला गाळ उपसणे हे बंदराच्या जकातीवर अवलंबून होते. जकात आटली तसा गाळ वाढला, आणि गाळ वाढला तसा उरलासुरला माल रस्त्याने जाऊ लागला. पुढे खाजणांवर शहरे उठली, आणि खाडीच्या तोंडाशी विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाहच वळविण्यात आला.

शिवाय, जुन्या प्रवासाच्या सुखाचा हिशेब मांडताना एक बाब आपण गाळतो. बंदर-बोटीतली निवांत सकाळ ही वल्ही मारणाऱ्या खलाशांच्या दंडांतून निघालेली होती, आणि पालखीतली झोप कोनच्या टप्प्यावर रात्री भोई जागे होते म्हणून लागत होती. मंदगतीचे कौतुक पालखीच्या आत बसलेल्यांनीच लिहून ठेवले. दांडीखाली ज्यांचा खांदा होता त्यांनी दप्तर ठेवले नाही, आणि रेल्वे आल्यावर त्यांना हळहळ वाटली असेल की सुटका, हे समजण्यास आपणापाशी साधन नाही. फ्रेंच नावेवर निदान घोड्याची जागा इंजिनाने घेतली आहे.

कोनला मात्र मधल्या मुक्कामाचे भाग्य निराळ्या रीतीने परत आले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांसाठी उभारलेल्या येथील इमारतींतील २४१७ घरांची सोडत २०१६ च्या डिसेंबरात गिरणी कामगारांसाठी काढण्यात आली. ज्यांचे वाडवडील कोकणातून आगबोटीने आणि घाटावरून चालत वा गाडीने परळ-लालबागेत येऊन ठेपले होते, त्यांच्या वाट्याला मुंबईबाहेरचा हा जुना टप्पा आला. ताबा मिळण्यापूर्वी २०२० च्या साथीत हीच घरे विलगीकरणासाठी घेण्यात आली, आणि वारसांची प्रतीक्षा आणखी लांबली.

खाडीच्या मुखाशी, बेलापुरास, २०२२ च्या फेब्रुवारीत नव्या धक्क्यावरून जलटॅक्सी सुरू झाली. तिला उतारू पुरेसे मिळाले नाहीत. उद्या कोणी हौशी मालकाने आणखी आत, जुन्या पनवेल बंदरापर्यंत, तरंगते हॉटेल आणावयाचे ठरविलेच, तर आचारी आणि गाद्या यांची सोय सहज होईल. त्याला पहिला खर्च गाळ उपसण्याचा करावा लागेल, आणि दुसरा एका कोळी तांडेलाच्या पगाराचा. कारण नाव सुटण्याची वेळ पाहुण्यांच्या न्याहारीवर ठरणार नाही, तिथीवर ठरेल, आणि अष्टमीचे आरक्षण घेण्यापूर्वी मालकाने त्याला विचारलेले बरे.