मोरी आणि ओढा (बारामती–इंदापूर)

रस्ता ओढा ओलांडतो तिथे बांधकाम करताना पाण्यातल्या जीवांची ये-जा, त्यांचे डोह व वीण यांना कमीत कमी धक्का लागावा यासाठी पाळायच्या पद्धती. पुणे जिल्ह्याच्या या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत बरेच ओढे वर्षाचा मोठा काळ कोरडे असतात. कोरड्या ओढ्यात मासा असतो हेच मुळात पटवून द्यावे लागते.

जलरचना : कऱ्हा पुरंदर तालुक्यातून मोरगाव, बारामतीवरून येऊन सोनगावला नीरेत मिळते. दोन्ही तालुक्यांची दक्षिण शीव धरून नीरा पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा फुगवटा.

चढण : पहिला दमदार पाऊस झाला की नदीतले, फुगवट्यातले मासे अंडी घालायला ओढ्यांत चढतात. चढणीचे मासे पकडण्याची हौस गावोगाव आहे, त्यामुळे ओढा कुठे अडतो हे अभियंत्याआधी पोरांना ठाऊक असते. पाइप मोरीत रुंद प्रवाह नळात कोंबला जातो, त्याला वेग येतो आणि खालच्या तोंडाशी जमीन खरवडली जाते. दोन-चार पावसाळ्यांत नळाचे तोंड तळापासून वीतभर उंच लटकते. मरळ एखादे वेळी उडी घेईल. बोटभर मासळीचा प्रवास तिथेच संपतो. फरशी पुलाच्या काँक्रीटवरून पसरणारा पाण्याचा पातळ थरही तितकाच अडसर. मोरीचे संकल्पन पुराच्या लोंढ्यावर होते. चढणीच्या वेळचे घोटाभर पाणी हिशेबात येत नाही.

उपाय : ओढ्याच्या पूर्ण पात्राइतका गाळा ठेवून स्लॅब मोरी बांधावी, म्हणजे तळ मूळचा राहतो. बॉक्स किंवा पाइप घालायचाच तर तळपातळीच्या खाली पुरून आत गोटे-वाळू बसू द्यावी. वळणरस्त्याचा मुरमाचा भराव पावसाआधी उचलावा. तो वाहून गेला की खालचा डोह गाळाने बुजतो. ताज्या सिमेंटचे धुवण ओढ्यात सोडू नये, ते माशांना मारक असते. काम साधारणतः दिवाळीनंतर सुरू करून मेच्या आत आटोपावे. मात्र कऱ्हेचा मोठा पूर २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस आला, तर २०२५ मध्ये मे महिन्यातच दोन्ही तालुके जलमय झाले. कोरडा हंगाम पंचांगावर सोडण्यात अर्थ नाही.

रस्ते : पुणे–सोलापूर महामार्ग भिगवण, इंदापूरवरून जातो. पाटस–बारामती–इंदापूर या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. महामार्गाच्या भरावासाठी ओढे-तलाव खोल करून माती घेण्याच्या ‘बुलढाणा पॅटर्न’चे पाणी साठवण्यासाठी कौतुक होते, पण तळाचे गोटे उचलल्याने विणीच्या जागा जातात, असे मत्स्यअभ्यासकांच्या बाजूने म्हणता येईल.

अन्यत्र : अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात साल्मनची वाट अडवणाऱ्या मोऱ्यांचा खटला आदिवासी जमातींनी मासेमारीच्या जुन्या करारांवर लढवला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते ४–४ अशी समान पडली आणि मोऱ्या बदलण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला.

कालवा : ब्रिटिश काळातल्या नीरा डाव्या कालव्याने नीरेकडे जाणारे ओढे रस्त्यांच्या कितीतरी आधी छेदले.

मत्स्येतर जीव : खेकडे, झिंगे, शिंपले, बेडूक यांचाही विचार याच पद्धतींत यावा.